कुंदाची पाटी

कुंदा गांगुर्डे गेल्याचा फोन शाळेत आला, तेव्हा मी सातवीच्या वर्गावर कविता शिकवत होते. पुढच्या ओळीवर बोट ठेवून तशीच उभी राहिले... आता दीड महिना होत आला, पण त्या वर्गात शिरताना नजर आधी फळ्याशेजारच्या खिळ्याकडे जाते.

नाशिकच्या आमच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. शनिवारची सकाळची शाळा सुटली की बाकीच्या आम्ही भाजी घेऊन घर गाठायचो आणि ही कॉलेजच्या लायब्ररीत नवी नियतकालिकं चाळत बसायची. सोमवारी मधल्या सुट्टीत माझ्यापुढे इंग्रजी लेखाची झेरॉक्स आणि तिने केलेलं मराठी टिपण यायचं. "हे सातवीच्या पोरांना सांगायचंय. माझं मराठी सरळ आहे का, एवढं बघ." मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नसे. "तुला कळलं म्हणजे पोरांना कळेलच," असं वर ऐकवायची.

शास्त्रज्ञांनाही अजून न सुटलेले प्रश्न ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवी आणि उत्तर सापडल्याची बातमी येईपर्यंत कुणाला पुसू देत नसे. आपल्या सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह आहे का, हा प्रश्न तिथे कितीतरी दिवस होता. नव्वदच्या दशकात तसा ग्रह सापडला. तिने ती बातमी तासभर समजावून सांगितली, एका मुलीकडून प्रश्न पुसून घेतला आणि वर्गाला पेढे वाटले. मग तो रिवाजच पडला. आडगावहून येणारी ती मुलगी पेढा खाता खाता म्हणाली, "बाई, मंग तिथं कुनी राहतं का?" कुंदाने रिकाम्या झालेल्या जागी लगेच तेच लिहिलं.

पुढे तपासणीला आलेल्या साहेबांना तो कोपरा खटकला. "माहीत नसलेलं शिकवता मुलांना?"

"माहीत असलेलं पुस्तकात आहेच, साहेब," ही शांतपणे म्हणाली. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. फळ्यावर फक्त अभ्यासक्रम, असा हुकूम निघाला. ऐकलं नाही तर विज्ञानाचे तास काढून घेऊ, असंही तिला सांगितलं. मला वाटलं, आता तरी गप्प बसेल. तर दुसऱ्या दिवशी फळ्याशेजारी खिळा ठोकून दगडी पाटी टांगलेली, तिच्यावर तोच प्रश्न. "फळा शाळेचा आहे, सर. पाटी माझी." शेवटी मुख्याध्यापकही हसले. पाटी राहिली, तिचे तासही राहिले.

गेल्या वर्षी तिची फुप्फुसं आतून कडक होत चालल्याचं निदान झालं. कशामुळे, असं तिने विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "नक्की कारण अजून माहीत नाही, मॅडम." मला भयंकर राग आला. ती मात्र धापा टाकत हसली. शेवटच्या भेटीत ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हणाली, "पाटीवर लिही हं." मी विषय बदलला. तिचं मरण पोरांसमोर मांडायची माझी तयारी नव्हती.

परवा मात्र लिहिलं. 'तिथं कुणी राहतं का?' याच्या खाली, 'गांगुर्डेबाईंचा आजार कशामुळे होतो?' मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, हे पुसल्यावर पेढे कोण देणार?"

"मी देईन," म्हटलं. मग पाठ वळवून पाटी पुन्हा एकदा खिळ्याला नीट टांगली.