बाबांनी साफ केलेल्या खाचा

मंडळी, आज दुपारी नातीच्या गिटारीच्या मानेवरच्या, पट्ट्या बसवायच्या खाचांमधला वाळलेला गोंद सुईनं काढत होतो अन् एकटाच हसत सुटलो. साठच्या दशकातले आमचे बाबा आठवले.

वणीच्या उन्हाळ्यात दादाच्या गिटारीच्या पितळी पट्ट्या खाचांतून निघाल्या होत्या. दादा बाहेर गेल्यावर बाबांनी, म्हणजे कचेरीतल्या कारकुनानं, पट्ट्या चिकटवायला खाचांमध्ये सुताराचा सरस ठासून भरला. तो तसाच वाळला, पट्ट्या काही बसेनात. अन् संध्याकाळी दादाला एका लग्नात वाजवायचं होतं!

शेजारचे करीमचाचा बाजाच्या पेट्या दुरुस्त करत. ते म्हणाले, "बाबूजी, खाचीत जागाच नाही तं पट्टी बसन कुठी? जराशी वाफ द्या, मंग सुईनं काढा."

'जराशी' बाबांनी ऐकलंच नाही. उकळत्या पातेल्यावर त्यांनी गिटार अर्धा तास धरली. खाचांतला सरस सुटला, अन् जोडातला सरस सुटून गिटारीची मानही हातात आली.

तेवढ्यात दादा दारात! "बाबा, हे काय करून राह्यले?"

एका हातात मान, दुसऱ्या हातात धड धरून बाबा शांतपणे म्हणाले, "खाचा पाह्य, कशा साफ झाल्या!"

त्या लग्नात दादानं चाचांची पेटी वाजवली.

तुमच्या घरी कोणी इतकं मन लावून काय बिघडवलं होतं?