वजनाशी न भांडणारा दशरथ परब

दशरथ परबाने उभ्या जन्मात काही जड उचललं नाही, आणि हे तो स्वतःच मिशीवरून हात फिरवत सांगायचा. गिरणीत होता तेव्हा सांचे, म्हणजे कापड विणायचे अवजड माग, इकडचे तिकडे हलवणाऱ्या टोळीत त्याचा दबदबा होता. संपात गिरणी गेली, तसा तो एक पहार, थोडे लोखंडी पाइप, लाकडाच्या पाचरी आणि एक जाडजूड दोर एवढ्या भांडवलावर उपनगरभर जड सामान हलवायची कामं घेऊ लागला. वजनाशी भांडायचं नाही, त्याची समजूत काढायची, हे त्याचं तत्त्वज्ञान. घरी मात्र हे तत्त्वज्ञान जेवलेलं ताट उचलायच्याही आड येतं, असं त्याची बायको वनमाला म्हणायची.

समजूत काढायची म्हणजे काय, ते चारकोपच्या एका कारखानदाराने पाहिलं. त्याचं अवजड प्रेस मशीन खोल खड्ड्यात अलगद बसवायचं होतं आणि वर क्रेन लावायला जागा नव्हती. दशरथने बर्फाच्या लाद्या मागवल्या, खड्डा काठोकाठ भरला, पाइपांवरून मशीन लाद्यांवर सरकवलं आणि चहा मागवून बसला. मालक चिडून येरझारा घालत होता आणि दशरथ पाय पसरून बर्फ वितळायची वाट बघत होता. दुपार कलली तसं मशीन आपल्या आपण खाली उतरलं. त्याचा गिरणीपासूनचा जोडीदार दादू तेवढं पाणी उपसत राहिला. पुढे वर्षभर ही हकिगत दशरथच्या तोंडून जोगेश्वरीच्या टेकडीवरच्या त्याच्या चाळीत प्रत्येकाने निदान दोनदा ऐकली.

त्याचा एकच नियम होता, आणि तो अगदी कडक. वजनाला हात घातल्यावर कुणी ‘कुठे’ असं विचारलं की काम थांबलं. मग खाली बसायचं, पाणी प्यायचं, विडी ओढायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. घरातून निघताना ‘कुठे’ विचारू नये हे आपण सगळेच मानतो. दशरथने ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं, कारण त्यात बसायला मिळायचं.

त्या वर्षी परबांना चारकोपला घर मिळालं. जोगेश्वरीची खोली वनमालाच्या चुलतभावाला, धोंडूला द्यायची ठरली. भांडी बांधली, ट्रंका भरल्या, देव पिशवीत गेले. राहिला तो रगडा. वनमालाच्या आईचा काळा दगडी रगडा, मालवणहून बोटीने आलेला. वीस माणसांच्या आंबोळ्यांचं पीठ त्यात निघायचं, आणि आई गेल्यावर तिच्या हातचं म्हणावं असं वनमालाकडे तेवढंच होतं. दशरथने मिक्सरचा विषय काढून बघितला. वनमालाने शांतपणे सांगितलं की रगडा इथे राहिला तर मीही इथेच राहते, तुम्ही मिक्सर घेऊन चारकोपला जा.

आता ज्याने खड्ड्यात मशीन उतरवलं त्याला बायकोचा रगडा टेकडीवरून खाली न्यायला किती वेळ लागावा? पण दशरथने हात घातला की नेमके शेजारचे म्हातारे अण्णा पायरीवरून विचारायचे, “काय रे दशरथा, खंय चललंस?” झालं. ‘खंय’ म्हणजे ‘कुठे’च की. दशरथ खाली बसायचा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अण्णांना तेवढं कळत नाही, असं म्हणून तो मान हलवायचा. अण्णांना सगळं कळत होतं. दशरथ त्यांना रोज सकाळी चिमूटभर तपकीर द्यायचा ती ह्याच प्रश्नासाठी.

ह्याला कारण होतं गेल्या पावसाळ्यातलं. चाळीच्या खालच्या अंगाला पिठाची चक्की होती. तिचा नवा दगड फळीवरून खाली सोडताना दशरथने दोर कशालाच गुंडाळला नाही, नुसता हातात धरला. एवढ्याशा दगडाला काय एवढं, असं त्याला वाटलं होतं. ओला दोर हातातून सुटला, दगड धाडधाड गेला आणि खाली जाऊन दोन तुकडे झाला. तिथे कुणी नव्हतं म्हणून बरं. दशरथने दगडातच खोट होती असं सांगून वेळ मारून नेली आणि दादूला शपथ घातली. पण तेव्हापासून उतारावर दोर हातात आला की त्याचे तळहात घामेजायचे. त्यात चक्कीचा दगड परत आणता आला होता. हा रगडा फुटला तर कुठून आणणार? वनमालाला तोंड कसं दाखवायचं, ह्या विचाराने त्याला रात्री झोप लागत नव्हती.

शेवटी टेम्पो दारात आला, म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी. सगळं सामान खाली गेलं. दशरथने रगडा पाइपांवरून दाराबाहेर आणला, पायऱ्यांवर फळ्या टाकल्या, खाली गोणपाट घातलं, दोर बांधला आणि अण्णांकडे आशेने पाहिलं. पायरी रिकामी होती. टेम्पोतल्या सामानावर लक्ष ठेवायला वनमालाने अण्णांना खाली पाठवून दिलं होतं. चाळीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या, पण ‘कुठे’ म्हणायला एकही तयार नव्हती, कारण त्यांनाही वनमालाने बजावून ठेवलं होतं.

दशरथ दोर हातात घेऊन उभा राहिला. मग नुसताच उभा राहिला. दादू आपल्या चपलांकडे बघू लागला.

वनमालाने पदर खोचला, त्याच्या हातातून दोर काढून घेतला आणि पायऱ्यांच्या डोक्यावरच्या जांभळाच्या झाडाला त्याचे वेढे दिले. नवऱ्याने कामावरून येऊन जेवताना जे जे सांगितलं ते सगळं तिने वाढता वाढता ऐकलं होतं. दोर झाडाला गुंडाळला की वजन झाड धरतं, माणसाने नुसतं थोडं थोडं सोडायचं.

“दोर मी धरतंय,” ती म्हणाली. “तुमी बाजूक रवा आणि सांगा.”

“हात सुटलो तर?” दशरथ इतक्या हळू म्हणाला की ते फक्त तिलाच ऐकू आलं.

“झाड आसा मा. चक्कीचो दगड सुटलो त्याच दिवशी दादून सांगल्यान माका.”

दशरथने दादूकडे पाहिलं. दादूच्या चपला अजून बघून व्हायच्या होत्या. सहा-सात महिने ह्या बाईला सगळं ठाऊक होतं, तरी ती आपल्याला तपकीर वाटू देत होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती, हे दशरथच्या ध्यानात आलं आणि त्याला लाज वाटली. त्याहून जास्त बरं वाटलं. त्याने पहार उचलली, फळीच्या कडेला उभा राहिला आणि गिरणीत द्यायचा तशी आरोळी दिली. वनमालाने दोर सोडला, अडवला, पुन्हा सोडला. रगडा वळणावर जरा कुरकुरला. तिथे दशरथने पाचर घालून त्याची समजूत काढली. मग तो एकेक पायरी करत खाली गेला आणि दादूने त्याला पाइपांवर घेऊन फळीवरून टेम्पोत चढवला.

वनमाला दोर गुंडाळत खाली आली. तिचे तळहात लाल झाले होते. दशरथने ते आपल्या हातात घेऊन बघितले, चारचौघांत, जे त्याने लग्न झाल्यापासून केलं नव्हतं. तेवढ्यात टेम्पोशेजारी बसलेल्या अण्णांना खाल्ल्या तपकिरीची आठवण झाली.

“काय रे दशरथा,” त्यांनी इमानदारीत विचारलं, “खंय चललंस?”

वनमालाने नवऱ्याकडे बघितलं. “इचारल्यानी हां. बसायचा काय परत?”

“चारकोपाक चललंय, अण्णा,” दशरथ म्हणाला. मग त्याने वनमालाला हात देऊन टेम्पोत चढवलं, अगदी उचलूनच म्हणा ना, आणि स्वतः रगड्याला टेकून तिच्या शेजारी बसला.