कॉर्नरचा फितूर

मैदानावर त्याला सगळे भिरभिऱ्या म्हणत. चेंडू पायात येण्याआधी तो तीनदा मागे बघायचा. उजव्या खांद्यावरून, डाव्या, पुन्हा उजव्या. मिडफिल्डरचं पोट याच खोडीवर चालतं, कारण मागून घसरत येऊन त्याचे घोटे उडवायला कुणीतरी कायम टपलेलं असतं. चौदा वर्षं तो मोठमोठ्या क्लबांतून खेळला आणि धडधाकट बाहेर पडला. यातलं निम्मं श्रेय त्याच्या मानेचं. उरलेलं, गोलातून "मागे माणूस!" म्हणून बोंबलणाऱ्या त्याच्या मित्राचं. त्या गोलकीपरला कुलूप म्हणायचे.

खेळणं संपल्यावर भिरभिऱ्या कोच झाला आणि कुलूप त्याचा सहायक. पण जित्याची खोड! हॉटेलात हा भिंतीला पाठ लावून बसणार. बायको फोनवर हसली की लगेच, "कोण होतं?" ती म्हणायची, "तुमचा डावा बचावपटू. पळून जायचं ठरतंय आमचं."

अशा माणसाच्या संघाचे कॉर्नर फुटायला लागले, म्हणजे आगीत तेलच. कॉर्नरच्या त्याच्या तीन चाली होत्या: आखूड पास, गोलाचा जवळचा खांब किंवा लांबचा खांब. कुठली खेळायची ते तो बाहेरून खुणेने सांगायचा. कान पकडणं, टोपी काढणं, काहीही. आणि या खुणा दर आठवड्याला बदलायचा. तरी समोरचे गडी चेंडूच्या आधी तिथे हजर! पाच सामने झाले, कॉर्नरवर एक गोल नाही. घरभेदी कोण?

आधी त्याने कपडे धुणाऱ्या बाईवर नजर ठेवली. मग मैदानाचं गवत कापणाऱ्यावर, कारण तो म्हणे फार हळू कापतो. खेळाडूंचे फोन टोपलीत जमा झाले. फळ्यावर लिहिलेलं तो स्वतः पुसायचा आणि ओल्या फडक्याने पुन्हा पुसायचा. मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की कुलूप हल्ली नजरेला नजर देत नाही. सामना चालू असताना सारखा खाली बघतो. शिवाय मागच्या सामन्यानंतर समोरच्या कोचशी गाडीजवळ हसत होता. वीस वर्षांची दोस्ती, पण एकदा मनात पाल चुकचुकली की तिला कोण हाकलणार? त्याला रात्र रात्र झोप लागेना. कुलूप गेला तर आपल्याला दुसरं कुणी नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

सोमवारी सराव संपल्यावर कुलूप आपणहून त्याच्या खोलीत आला. दार लोटून घेतलं.

"तुझ्याशी जरा बोलायचंय. कॉर्नरबद्दल."

"कबूल करायला आलास?" भिरभिऱ्या म्हणाला. "किती दिवस चाललंय हे? त्यांना काय काय सांगितलंस?"

कुलूपने गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि गेला. भिरभिऱ्याला वाटलं, झालं, चोर सापडला.

पुढच्या सामन्यात नवी खूण त्याने फक्त खेळाडूंना, तीही मैदानात उतरताना सांगितली. सात कॉर्नर मिळाले आणि सातही फुटले.

दुसऱ्या दिवशी घरी तो सामन्याचं चित्रण पुन्हा पुन्हा बघत बसला होता. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "अहो, पण तुम्ही निघालात कुठे?"

"कोण, मी?"

"हे काय, कडेला. आखूड पास असला की कोपऱ्यातल्या झेंड्याकडे सरकता. लांबचा खांब असला की उलटीकडे. पोरगा चेंडू मारायच्या आधीच तुमचे पाय चालू."

त्याने सातही कॉर्नर पाहिले. चेंडू जिथे येणार तिथे आधी पोचायचं, ही चौदा वर्षांची कमाई. समोरच्यांना खुणा कळायची गरजच नव्हती. त्यांचा एक माणूस नुसता याच्या बुटांकडे बघत बसे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तो तसाच कुलूपच्या घरी गेला. तीन मजले चढून गेला. कुलूपने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही.

"माझेच पाय होते रे," भिरभिऱ्या म्हणाला.

"माहीत आहे. दोन सामने मी तेच बघत होतो. सोमवारी सांगायलाच आलो होतो."

"मग तेव्हाच सांगायचंस ना! मी बरळलो म्हणून काय झालं?"

"सांगितलं असतं, तर तू काय म्हणाला असतास? याला बरं ठाऊक, म्हणजे यानेच त्यांना सांगितलं."

भिरभिऱ्याने नाही म्हणायला तोंड उघडलं. पण तो हेच म्हणाला असता, अगदी याच शब्दांत, आणि हे दोघांनाही कळत होतं.

"चुकलो मी. परत ये."

"बघू," कुलूप म्हणाला आणि दार लावलं.

जिना उतरताना भिरभिऱ्याने प्रत्येक मजल्यावर मागे वळून बघितलं. वरून कुणी हाक मारली नाही.