लॅबसाहेबांचा रिपोर्ट

लॅबसाहेबांच्या तोंडी ‘साधारण’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. रोह्याच्या बाजारात अर्धा किलो वांगी घेतली, तरी नदीपलीकडच्या अष्टमी गावात घरी जाऊन ती पुन्हा तोलणारा हा माणूस. कमी भरली तर भांडायला जायचे, त्यात नवल नाही. पण जास्त भरली तरी एक वांगं परत द्यायला पूल ओलांडून यायचे. भाजीवाली कपाळाला हात लावायची.

कासू गावाहून येऊन मी ट्रेनी म्हणून, ते साहेब होते त्या केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला झापलं. रंग बघून मी म्हणाले होते, सँपल बरं वाटतंय. “तुला काय वाटतं ते घरी सांग. इथं काटा काय म्हणतो ते सांग.” बाथरूममध्ये जाऊन रडले मी. पुढची अकरा वर्षं मात्र त्यांच्याच हाताखाली काढली, आणि आज माझ्या सहीला जी काही किंमत आहे ती त्यांच्यामुळे. एकदा गेटवर टँकर उभा, मॅनेजर डोक्यावर बसलेला, आणि बॅच किंचितशी नापास. साहेबांनी पेन खिशात ठेवलं, डबा उघडला आणि शांतपणे जेवायला बसले. टँकर रिकामा गेला.

असा माणूस निवृत्तीनंतर विसरायला लागला. आधी चष्मा, किल्ल्या. ते कोण विसरत नाही? मग एक दिवस पुलावर उभे राहून आपलं घर कुठल्या अंगाला ते लोकांना विचारू लागले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला पेणला, मी आता राहते तिथं, फोन केला आणि आम्ही त्यांना मुंबईला नेलं. डॉक्टरांना अल्झायमरची शंका आली, त्यांनी पेट स्कॅन सांगितला. शिरेतून एक औषध देतात, ते मेंदूत साचलेल्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं, मग ते कुठं किती साचलंय हे मशीन दाखवतं. हे ऐकून साहेब खुर्चीत पुढे सरकले. “म्हणजे मोजता येतं?” किती दिवसांनी खूश दिसले! डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की बाहेरचे पेशंट कुरकुरायला लागले. परत येताना मला म्हणाले, “रोग असेल तर असू दे. रोग आहे की माझा हलगर्जीपणा, एवढं कळलं की झालं.” ऐकलं मी ते, पण कानाआड केलं.

रिपोर्ट आणायला मी आणि काकू गेलो. मेंदूच्या बऱ्याच भागात अमायलॉइड साचलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, लक्षणं आणि स्कॅन दोन्ही जुळतायत, अल्झायमरच आहे. नवी औषधं यांच्या टप्प्याला देता येणार नाहीत. मुंबईहून परत येताना कासू मागे पडलं. तेव्हा काकूंनी माझा हात धरला. “त्यांना नको सांगू गो. हाय खातील. साफ आलाय म्हण. माझ्यावर नाय विश्वास ठेवणार, तुझ्या शब्दावर जातील.”

मी म्हटलं तसं. अंगणातच विचारलं त्यांनी, आणि मी तोंड वर करून सांगितलं, साहेब, साफ आहे, काही साचलेलं नाही.

“तू स्वतः वाचलास?”

“हो.”

जन्मभर कागद पाहिल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसानं त्या दिवशी कागद मागितला नाही. नुसती मान हलवली. “म्हणजे दोष माझाच,” असं म्हणून आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःला धारेवर धरलं. रोज सकाळी वहीत वीस शब्द लिहायचे, पाठ करायचे, वही मिटून पुन्हा लिहायचे. चुकले की चहा बंद. काकू कप घेऊन पुढ्यात उभ्या राहायच्या, तर म्हणायचे, आज नको, आज माझी लायकी नाही. विसाचे दहा शब्द झाले, दहाचे चार. मला फोनवर सांगायचे, मशीन ठीक आहे पोरी, माणूसच कामचुकार निघाला. आणि मी? मी आपली ‘होईल हो साहेब’ म्हणत होते. खरं काय ते सांगितलं, तर आपण खोटं बोललो हेही सांगावं लागणार, आणि त्यांच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटत होती. त्यांच्या हालांपेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली, दुसरं काही नाही. वर्ष गेलं त्यात.

शेवटी एका रविवारी रिपोर्ट घेऊन गेले. साहेब ओटीवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. त्यांच्या पायाशी बसून मी सगळं सांगितलं. चित्रं दाखवली. हा रोग आहे साहेब, तुमची काही चूक नाही, मीच खोटं बोलले. त्यांनी चित्रांवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि शाळेतल्या मुलासारखे घाईघाईनं उभे राहिले. हात जोडलेले.

“चुकलं बाई. उद्या नीट पाठ करतो.”

काकू म्हणाल्या, हल्ली दारात कुणीही आलं तरी असंच म्हणतात. त्यांच्या डोक्यातून स्वतःच्या मुलीचं नाव गेलं, घर गेलं, मी गेले. दोष आपलाच आहे, तेवढं मात्र ते अजून विसरलेले नाहीत.