विडी सोडली आणि माग थांबू लागला

देवाला मी रोज हात जोडतो, पण करणी, भानामती, अंगात येणं यांवर माझा कधी विश्वास नव्हता. आजही नाही. घडलं तेवढंच लिहितो.

बेळगावात वडगावला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत साड्यांचे दोन यंत्रमाग आहेत... एक माझा, एक बायकोचा. सव्वीस वर्षं मी दिवसाला चौदा विड्या ओढल्या. गेल्या वर्षी डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, "विडी किंवा पाय. एक काय ते ठेवा." त्याच दुपारी विडी सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझा चालता माग थांबला. धागा तुटला नव्हता, कांडीच्या रिळात सूत होतं, लाईट होती - शेजारी बायकोचा माग धडधडत होता. नेमकी तेव्हाच मला तलफ आली होती. तोंड कोरडं, हात सवयीनं खिशाकडे. तीनदा हँडल ओढलं, माग हलेना. पाणी पिऊन तसाच उभा राहिलो. चार मिनिटांनी तलफ ओसरली, हँडल ओढलं - सुरू. त्या दिवशी असं चौदा वेळा झालं. मी वेळा लिहून ठेवू लागलो.

माग दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीनं सगळा माग उघडून बघितला. "अण्णा, मागात काय न्हाय. बिघाड तुमच्यातच असंल," म्हणून हसला. मलाही वाटलं, नकळत माझाच हात लागत असेल.

अकराव्या दिवशी निपाणीला आक्काकडे, म्हणजे थोरल्या बहिणीकडे, जावं लागलं. बायकोला म्हटलं, "माझाही माग चालव. थांबला तर वेळ लिही." तलफ आली की मी इकडे मोबाईलमध्ये वेळ टिपत होतो.

आक्का घरी विड्या वळते; मुकादम त्या हजारावर मोजून नेतो. साडेतीनच्या सुमारास तिच्या सुपातल्या तंबाखूचा वास आला आणि मला राहवेना.

"घे की रं एक. हजारात एकानं काय व्हतंय?"

"मुकादम मोजून घेतोय न्हवं?"

"सांगीन त्याला, भावानं खाल्ली."

विडी ओठांत धरली, काडी पेटवली... आणि फोन वाजला. बायको होती.

"अहो, पंधरा मिनिटं झाली, माग सुरूच हुईना. तिकडं काय करायलाय तुम्ही?"

मी काडी विझवली. विडी सुपात परत ठेवली. फोन कानाला तसाच धरून तलफ जाईपर्यंत बसलो. मग म्हटलं, "आता ओढ हँडल."

फोनमधून मागाचा आवाज आला.

घरी येऊन वेळा ताडून पाहिल्या. तिच्या सात, माझ्या सात. फरक एका मिनिटाच्या आतला. बायकोनं वही मिटली. "आता परत हातात धरू नका म्हंजे झालं. साड्या द्यायच्या हाईत."

धरली नाही. सातचे चार झाले, चारचे दोन. अडतिसाव्या दिवशी एकदाच थांबला. अंगठा भरत आला होता.

निपाणीतली माझी तलफ वडगावच्या मागाला कशी कळली, हे मला सांगता येत नाही. योगायोग म्हणावं, तर एका दिवसात सात योगायोग माझ्या हिशेबात बसत नाहीत.

हल्ली माग थांबला की कुठेतरी धागाच तुटलेला असतो. मी तो सांधतो आणि हँडल ओढतो.