ओटीत घातलेला डबा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईलाही नाही. तुम्ही तिकडे मित्रांना अभिमानाने सांगता, आमची आजी इंदूरला नर्स होती — मी नर्स कधीच नव्हते, मुलांनो. मी पांढरी साडी नेसत होते, एवढंच.

मध्य प्रदेश तेव्हा नवा होता, गिरण्या जोरात होत्या, आणि मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. एका परदेशी कंपनीला बाळांच्या दुधाची पावडर घरोघरी पोचवायला अशीच बाई हवी होती. साडी पांढरीच हवी, कुणी नर्सबाई म्हटलं तर दुरुस्त करायचं नाही, पहिला डबा फुकट द्यायचा. याला ते समाजसेवा म्हणत. समाजसेवा! लिहितानाही संताप येतो.

पण सगळं त्यांनीच शिकवलं असं म्हणू? एक गोष्ट माझ्याच डोक्यातून निघाली. बायका डबा घ्यायला कचरत. मग मी बारशालाच जाऊ लागले, आणि आईची ओटी भरताना तांदूळ-नारळाबरोबर डबाही घालू लागले. ओटीत आलेलं कुणी परत करतं का? परदेशी साहेबाला हे कधी सुचलं असतं? माझं फार कौतुक झालं.

इंदूरच्या परदेशीपुरा वस्तीत एका गिरणी कामगाराची बायको होती, सुमन. पहिलटकरीण, अंगावर भरपूर दूध. सासू फटकळ. ओटीतला डबा बघून म्हणाली, "अहो नर्सबाई, माझी सून काय आटलेली गाय आहे? पोर तर मस्त पितंय, फिर ये किसलिए?" बायका खो-खो हसल्या. मला ते झोंबलं. मी म्हणाले, "आजी, विलायतेत मोठ्या घरची मुलं यावरच वाढतात." सासूने डबा ओटीत राहू दिला. विलायतेतलं मला काय ठाऊक होतं?

सुमनने बाळाला बाटली लावली आणि तिचं दूध आटत गेलं. फुकटचा डबा संपला, पुढचे परवडेनात. ती पावडर पुरवून पुरवून घालू लागली.

त्याच सुमारास कंपनीचा गोरा साहेब आमचं काम बघायला आला. त्याला मी सुमनकडेच नेलं — तिचं घर लख्ख असायचं. तिने मोठ्या विश्वासाने बाटली माझ्यापुढे धरली. आत तांदळाच्या धुवणासारखं पाणी. "ताई, बरोबर बनवते ना मी?" बाळाच्या बरगड्या दिसत होत्या. डब्यावरचं प्रमाण इंग्रजीत होतं. त्या घरात ते वाचता येणारे दोघंच — साहेब आणि मी. साहेबाने विचारलं, काय म्हणतेय? मी सांगितलं, आभार मानतेय. आणि सुमनला म्हणाले, "हो गं, छान बनवतेस."

खरं बोलले असते तर नोकरी गेली असती. मग? आम्ही उपाशी मरणार होतो? मुळीच नाही, तुमच्या आजोबांची नोकरी चांगली होती. मला मॅडम म्हणवून घेणं आवडत होतं.

उन्हाळ्यात बाळाला जुलाब लागले, आणि ते गेलं. माधव नाव होतं त्याचं.

मी भेटायला गेले. सासू म्हणाली, "आता काय घेऊन आलात?" सुमननेच तिला अडवलं. "आई, ताईंना नका बोलू. त्यांनी बघितलं होतं, बरोबर आहे म्हणाल्या होत्या. माझंच काहीतरी चुकलं असेल." मग माझ्याकडे वळून — "काय चुकलं हो, ताई?"

मला माहीत होतं काय चुकलं. पण कंपनीने आम्हाला मुंबईला नेऊन पढवलं होतं — तक्रार आली की आधी पाण्याचं विचारा. किती हुशार माणसं! एकाच नळावर अख्खी चाळ पाणी भरते, तिथली कुठली आई छातीठोक उत्तर देणार? आणि मी, शिकली-सवरलेली, त्यांच्याहून हुशार निघाले. आवाज मऊ करून विचारलं, "पाणी दर वेळी उकळून घेत होतीस ना?"

ती आठवू लागली. बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "एखाद्या वेळी नसेल घेतलं."

सासूची नजर माझ्यावरून सुनेकडे वळली. मी ते बघितलं, आणि चपला घालून बाहेर पडले.