सुईआधीचं बोट

हेतल मॅडमनी पेशंटला ‘कुठं दुखतं?’ असं कधी विचारलं नाही. बाकी सगळं विचारायच्या. कुठल्या कुशीवर झोपता, बादली कुठल्या हातानं उचलता, स्कूटरला किक कोण मारतं. तोवर त्यांचा हात पाठीवरून फिरत असायचा, बाजारात वांगी चाचपावीत तसा सहज. मग एका जागी बोट थांबायचं. “इथंच ने?” पेशंटच्या तोंडून ‘आई गं’ निघालं की तेच उत्तर.

मी वरोरचा. आमच्याकडे बऱ्याच घरांत डायचं काम चालतं. पोलादी ठोकळ्यावर छिन्नीनं नक्षी कोरायची. त्या डायवर सोन्याचा पत्रा ठोकला की झुमका नाहीतर पदक उमटतं. दिवसभर मान खाली आणि हात एकाच जागी. २०१४ साली माझा उजवा अंगठा ठणकायला लागला आणि छिन्नी सरकू लागली. ती एकदा सरकली की आठवड्याची मेहनत भंगारात. हातच गेला तर मी करणार काय? दुसरं काही येत नव्हतं. चिंचणी झाली, वाणगाव झालं, बोईसर झालं. फोटो काढले, फोटोत काही नाही. एका डॉक्टरनं तर ‘मनाचं आहे’ म्हणून वाटेला लावलं. शेवटी बायकोनं, सुनंदानं, कुणाकडून तरी डहाणूच्या या फिजिओथेरपिस्ट बाईंचं नाव आणलं.

मी अंगठा पुढे केला. मॅडमनी तो बाजूला सारला, मागे गेल्या आणि खांद्याच्या फऱ्यावर बोट दाबलं. कळ थेट अंगठ्यात! चाळिशी उलटलेला मी, त्या खाटेवर चक्क रडलो. इतक्या महिन्यांत माझं दुखणं पहिल्यांदाच कुणाच्या तरी हाताला लागलं होतं.

“रडा नी, लाजायचं काय त्यात,” मॅडम म्हणाल्या. त्या मूळच्या उंबरगावच्या, घरात गुजराती. त्यांचं मराठी त्यांचं स्वतःचं होतं. “दुखणं खोटं नसतं, मनोहरभाई. फोटोत येत नाही, एवढंच.”

मग त्यांनी सुई काढली. केसासारखी बारीक, आत औषध काही नाही. स्नायूत जी गाठ आखडून बसलेली असते, नेमकी तिच्यातच ती घालायची. नेमकी लागली की स्नायू एकदम उडतो, टोपलीतला मासा उडावा तसा, आणि मग हळूहळू सैल पडतो. पहिल्यांदा उडाला तेव्हा मी दचकून खाटेवरून पडायचा बाकी राहिलो. मॅडम मात्र खूश. “उठला! झोपला होता ने तोंड फुगवून. आता ऐकेल.”

बुधवारी त्या तलासरीला जायच्या. एकदा माझा वार चुकला म्हणून मी त्यांना तिकडेच गाठलं. समोर एक म्हातारी बसली होती, रोजावर जाणारी, भात लावून लावून कंबर धरलेली. सुईत औषध नाही हे कळल्यावर ती उठायलाच लागली. “औषध नाय, तं मंग टोचतेस कशाला?”

कुणीही म्हटलं असतं, आहे गं आजी औषध, भारीतलं आहे. म्हातारी निमूट झोपली असती. मॅडमना ते जमेना. त्या तिच्याशेजारी खाली बसल्या. “आजी, औषध तुझ्याच अंगात आहे. माझी सुई फक्त दार वाजवते.” म्हातारीनं जरा विचार केला. “मंग जोरात वाजव,” ती म्हणाली आणि पालथी झाली. पेशंटला थाप मारायची नाही, हा मॅडमचा हट्ट होता. मलाही पहिल्याच महिन्यात सुनावलं होतं, “सुई तुम्हाला चार दिवस देईल. मान वर करून बसाल तर पुढचे दिवस तुमचे.” मी काही धड ऐकलं नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जात राहिलो. खरं सांगायचं तर जायला आवडायचंही.

२०१९ च्या सुरुवातीला माझ्या लक्षात यायला लागलं. सुई लागायची, पण स्नायू उडायचा नाही. मॅडम ती मागे घ्यायच्या, पुन्हा घालायच्या. “आज हट्टी झालाय,” म्हणायच्या. साखरेचा त्रास त्यांना जुना होता. चहाचा कप त्या हल्ली दोन्ही हातांनी धरायच्या, तेही मी पाहिलं होतं. बोलायचं कसं? ज्या बोटानं मला माझा हात परत दिला, त्याच बोटाला ‘चुकलंस’ म्हणायचं?

पण आमच्या धंद्यात शेजाऱ्याची रेघ सरकलेली दिसली आणि आपण गप्प बसलो, तर तो उपकार नसतो. पुढच्या खेपेला बोट टेकलं. “इथंच ने?” मी पालथा होतो, तोंड उशीत. म्हटलं, “नाही मॅडम. थोडं वर. बोटभर वर.”

हात थांबला. सुई घातलीच नाही. ती बाजूला ठेवत त्या म्हणाल्या, “बोटांना कळत नाही आता. दिवाळीपासून. मला वाटायचं, भास असेल. ज्याला त्याला विचारते, तर सगळे म्हणतात, हो मॅडम, तिथंच.”

मी उठून बसलो. “मॅडम, मला तसं म्हणायचं—”

“तसंच म्हणायचं होतं आणि बरं झालं म्हणालात. उद्या कुणाच्या मानेखाली चुकले असते तर खाली फुप्फुस आहे. आणि तो माणूसही मला ‘हो, तिथंच’ म्हणाला असता. माझ्यावरच्या मायेनं.”

डोळे पुसून त्यांनी बाहेर बसलेल्या सुनंदाला आत बोलावलं. तिचं बोट स्वतःच्या हातात धरलं आणि माझ्या पाठीवर ठेवलं. “दाब. कडक दोरीसारखं लागेपर्यंत सरकव. मनोहरभाई, खरं सांगायचं हं.”

सुनंदाचं बोट चाचपडलं, घसरलं, परत आलं. मग कळ अंगठ्यात गेली. “हां, तिथं,” मी म्हटलं. मॅडमनी तिला दाबायचं कसं, सोडायचं कधी ते दाखवलं. सुई त्यांनी त्यानंतर कुणालाच लावली नाही. काही महिने नुसते व्यायाम शिकवले आणि वर्ष सरता सरता त्या वलसाडला भावाकडे राहायला गेल्या.

मी अजून डाय कोरतो. रात्री जेवणं झाली की सुनंदा पाठ दाबते. मॅडमचा फोन येतो तेव्हा माझी चौकशी नंतर, आधी त्या सुनंदाला फोनवर बोलावतात आणि विचारतात, “बोटाला कळतं ने?”

“कळतं, मॅडम,” सुनंदा म्हणते. मग फोन माझ्याकडे येतो. “खरं सांगायचं हं, मनोहरभाई.”